घरोघरचे डलहौसी

इ. स. १८४८ च्या एप्रिल महिन्यांत साताऱ्याचे छत्रपति शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता. म्हणून मृत्युशय्येवर असतां त्यांनीं एक मुलगा दत्तक घेतला. तो दत्तक मान्य करावा असें मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचें मत होतें. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना तें पटलें नाहीं. औरस संतति नाहीं तेथें वारसा नाहीं, आणि वारसा नाहीं तेथें राज्य नाहीं, असा सरळ हिशेब मांडून त्यांनीं साताऱ्याचें राज्य खालसा केलें. पुढें १८५४ सालीं झांशी आणि नागपूर यांचीहि तीच गत झाली. आज पावणेदोनशें वर्षांनंतरहि साताऱ्याचा शाळकरी मुलगा डलहौसीचें नांव संतापानेंच घेतो, आणि तें योग्यच आहे. मूल नसणें हा गुन्हा ठरवून माणसाचें सर्वस्व हिरावून घेणारी नीति अन्यायाची आहे, हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं.

परंतु त्याच साताऱ्यांत आणि शेजारच्या सांगलींत डलहौसी अजून हयात आहे. तो कधीं सासूच्या, कधीं आत्याबाईंच्या, कधीं चुलत्याच्या, तर कधीं देवळाच्या पायरीवर भेटलेल्या शेजारणीच्या रूपानें घरोघर वावरतो, आणि त्याचा न्याय अक्षरशः तोच आहे : मूल नाहीं ना? मग संसार खालसा! त्या बाईचें शिक्षण, तिची नोकरी, तिनें सांभाळलेलें घर, नवराबायकोंनीं पंधरा वर्षें एकमेकांवर केलेली माया, यांपैकीं कांहींहि जमेस धरावयाचें नाहीं. आम्हांला येथें बोलावयाचें आहे तें अशा दांपत्यांविषयीं, कीं ज्यांनीं मूल व्हावें म्हणून करण्यासारखें सर्व केलें, आधुनिक वैद्यकाची पायरी चढून पाहिली, आणि तरीहि ज्यांची ओंजळ रिकामीच राहिली. त्यांना मूल देणें आमच्या हातीं नाहीं. परंतु त्यांचें दुःख हें दुःख आहे असें मानणें, आणि त्यांना थांबावेंसें वाटेल तेव्हां सन्मानानें थांबूं देणें, हें आपणां सर्वांच्या हातीं आहे. तेंच आपण करीत नाहीं, हा आमचा आरोप आहे.

प्रथम हे उपचार म्हणजे काय तें नीट पाहिलें पाहिजे. कारण त्यांच्यावर तोंडसुख घेणारांपैकीं पुष्कळांना त्यांची कल्पनाच नसते. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शनें, मधून मधून सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजांडें काढणें, प्रयोगशाळेंत त्यांचा शुक्राणूंशीं संयोग घडविणें, तीन किंवा पांच दिवसांनीं भ्रूण गर्भाशयांत ठेवणें, आणि त्यानंतर रक्ताच्या तपासणीपर्यंत सुमारें दोन आठवडे वाट पाहणें, अशी एक फेरी असते. खटाव, कोरेगांव, तासगांव, जत या बाजूची बाई त्यासाठीं पहाटेची एस. टी. धरून साताऱ्याला, सांगलीला, मिरजेला, नाहींतर थेट पुण्याला जाते. एका फेरीला लाखाच्या वर खर्च येतो. तो कोठें दागिने गहाण टाकून, कोठें पतसंस्थेचें कर्ज काढून, तर कोठें येणाऱ्या उसाच्या बिलावर उसनवारी करून उभा करावा लागतो. घरीं मात्र सांगावयाचें कीं मामाकडे जाऊन येतें. कारण कळलें तर गांव विचारणार, आणि विचारलें तर उत्तर द्यावें लागणार.

इतकें करून फळ कितीसें मिळतें? ब्रिटनसारख्या, प्रत्येक उपचाराची सरकारी नोंद ठेवणाऱ्या देशांत, स्वतःचीं बीजांडें वापरणाऱ्या पस्तिशीच्या आंतील स्त्रियांतहि दर भ्रूणरोपणामागें मूल जन्मण्याचें प्रमाण सुमारें तिनांत एक एवढेंच आहे. त्रेचाळिशीनंतर तें विसांत एकाच्या आसपास येतें. म्हणजे फेरी फसणें हा अपवाद नसून नियम आहे. परंतु आपल्या कानावर पडतात त्या यशाच्या कथा. १९७८ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडांत ओल्डम येथें लुईझ ब्राउन जन्मली, आणि प्रयोगशाळेंत गर्भ धरलेलें पहिलें मूल म्हणून तिचें नांव जगभर झालें. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनीं हर्षा चावडा जन्मली, तेव्हांहि वर्तमानपत्रें आनंदानें भरून गेलीं. ओल्डमच्या कार्याबद्दल रॉबर्ट एडवर्ड्‌स यांना २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हें सर्व यथायोग्य झालें. परंतु त्याच ओल्डमच्या जुन्या नोंदवह्या चाळून संशोधकांनीं पुढें जो हिशेब काढला तो असा : १९६९ ते १९७८ या काळांत २८२ स्त्रियांनीं या प्रयत्नासाठीं आपलीं शरीरें वैद्यकाच्या स्वाधीन केलीं, आणि त्या सर्वांत मिळून जिवंत मुलें जन्मलीं तीं दोन. उरलेल्या दोनशें ऐंशी जणींचे पुतळे कोणीं उभारले नाहींत. त्या रिकाम्या हातांनीं घरीं गेल्या, आणि त्या घरीं गेल्यावर त्यांचें काय झालें हें विचारण्याची आठवण जगाला राहिली नाहीं. आज साताऱ्या-सांगलीच्या दवाखान्यांतून जी बाई रक्ताच्या तपासणीचा कागद घडी करून पर्समध्यें ठेवीत बाहेर पडते, ती या दोनशें ऐंशी जणींची धाकटी बहीण आहे.

तिचें दुःख कोणत्या जातीचें आहे? आपल्या समाजाला मृत्यूचें दुःख हाताळतां येतें, ही त्याची मोठी पुण्याई होय. घरांत माणूस गेलें तर सुतक असतें. शेजारच्या घरांतून कडू घास येतो. भावकी दारांत बसते. दहावें होतें, तेरावें होतें, आणि चौदाव्या दिवशीं माणूस पुन्हा कामाला लागतें. शोकाला आरंभ असतो, रीत असते आणि शेवटहि असतो. परंतु ज्या गर्भाचा फक्त एक बारीक ठिपका सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसला, किंवा जो कधीं रुजलाच नाहीं, त्याच्या जाण्याला सुतक नाहीं. त्या रात्रीं त्या घरीं कोणी भाकरी पाठवीत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ती बाई शाळेंत वर्ग घेते, नाहींतर बांधावर वैरण कापते, आणि संध्याकाळीं शेजारच्या बारशाचें बोलावणें आलें तर तेथें हंसून पाळण्याला हात लावते; न आलें तर ‘आपल्याला कां टाळलें’ हें समजून गप्प बसते. नवऱ्याची दशा याहून बरी नसते. बायकोला निदान रडण्याची मुभा आहे; पुरुषाला तीहि नाहीं. तो पारावर बसून ऊसदराच्या गोष्टी बोलतो. अमेरिकेंत ॲलिस डोमार व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं असें दाखवून दिलें कीं, वंध्यत्वाच्या उपचारांस आलेल्या स्त्रियांचें मानसिक क्लेशांचें मान कर्करोगाच्या रुग्णांइतकेंच भरतें. कर्करोग झालेल्या माणसाजवळ आपण आवाज खालीं आणून बोलतों. या बाईजवळ मात्र आपण मोठ्यानें विचारतों, “काय मग, कांहीं विशेष?”

दुःख न मानण्यानें समाजाचें समाधान होत नाहीं. तो त्या दुःखावर आरोपहि चढवितो. सर्वांत गोड वेष घेऊन येणारा आरोप म्हणजे ‘तूं फार टेन्शन घेतेस, म्हणून राहत नाहीं.’ या एका वाक्यानें सांत्वनाचें पुण्यहि पदरांत पडतें आणि दोषाचें माप त्या बाईच्या पदरांत टाकतांहि येतें! वस्तुतः कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉयव्हिन यांनीं २०११ सालीं चौदा अभ्यासांतील साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हां उपचारापूर्वींच्या चिंतेचा वा उदासीनतेचा त्या फेरीच्या यशापयशाशीं संबंध आढळला नाहीं. दुसरा आरोप त्याहून जुना : दोष बाईचाच. येथेंहि वस्तुस्थिति निराळी आहे. अपत्यहीन जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकटें किंवा जोडीनें, असतेंच. आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त असते. तरीहि आमच्याकडे आधीं बाईच्या सर्व तपासण्या होतात, दोन-तीन नवस बोलून होतात, औदुंबरच्या प्रदक्षिणा होतात, आणि मग कोणाला तरी सुचतें कीं एकदां त्यालाहि दाखवूं! कित्येक घरीं तेंहि सुचत नाहीं; सुचतें तें त्याचें दुसरें लग्न.

कोणी म्हणेल, “अहो, मुलांची हौस आहे म्हणून माणसें बोलतात; त्यांत वाईट काय?” ही हौस खरी असती तर आम्हीं एक अक्षरहि लिहिलें नसतें. परंतु या मुलखानें आपल्या हौशीचा दाखला स्वतःच दिलेला आहे. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा जिल्ह्यांत एक समारंभ झाला. ज्या मुलींचें नांव आईबापांनीं ‘नकोशी’ ठेविलें होतें अशा सुमारें २८५ मुलींना त्या दिवशीं नवीं नांवें देण्यांत आलीं. आणि २०१७ च्या मार्च महिन्यांत सांगली जिल्ह्यांत, मिरज तालुक्यांतील म्हैसाळ गांवाजवळ, पुरून टाकलेले १९ गर्भ उकरून काढावे लागले; मुलींचे गर्भ पाडण्याच्या धंद्याचा तो पुरावा होता. एकाच मातींत एका बाईला ‘मूल कां नाहीं’ म्हणून छळावयाचें, आणि दुसरीला ‘हें मूल कां’ म्हणून छळावयाचें! याला बालकांवरचें प्रेम म्हणतां येत नाहीं. हा स्त्रीच्या उदरावर बसविलेला फाळा आहे. तो ठरल्या नाण्यांत आला नाहीं कीं जप्ती!

आतां आशेच्या व्यापाऱ्यांकडे वळूं. यांत दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग चौकाचौकांतील फलकांवर दिसतो : गुटगुटीत बाळ, हंसरें जोडपें, आणि खालीं फोन नंबर. सर्वच वैद्य असे नसतात. कित्येक जण रुग्णाला आपण होऊन ‘आतां पुरे’ असें सांगतात, आणि त्यांना आमचा नमस्कार आहे. परंतु ज्या फलकावर अपयशाचें प्रमाण छापलेलें आहे असा फलक आम्हीं अजून पाहिलेला नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें या उपचारांचें नियमन करणारा कायदा केला. त्यांत दवाखान्यानें दांपत्याला समुपदेशन द्यावें, त्या दवाखान्यांत यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, हें सर्व सांगावें असा स्पष्ट दंडक आहे. स्त्रीला वयाच्या पन्नाशीची आणि पुरुषाला पंचावन्नाची मर्यादाहि घातलेली आहे. हा दंडक सही घेण्याच्या कागदापुरता उरूं नये. फेरी फसल्यावर त्या दोघांना खुर्ची देऊन अर्धा तास बसवून घेणें, हेंहि उपचाराचेंच अंग आहे. पैसे भरण्याच्या खिडकीजवळ पुढच्या फेरीची तारीख देणें म्हणजे समुपदेशन नव्हे.

दुसरा वर्ग नात्यागोत्यांतला. त्याचें ब्रीद : ‘आशा सोडूं नका.’ अमक्या वहिनींना अठराव्या वर्षीं झालें, तमक्यांच्या सुनेला सातव्या वेळीं राहिलें. मग तुम्हींच कां थांबतां? हा उपदेश करणाराला कांहींच खर्च येत नाहीं. सुई त्याला टोचत नाहीं, हप्ता त्याला भरावा लागत नाहीं, आणि त्या दोन आठवड्यांच्या रात्री त्याला जागून काढाव्या लागत नाहींत. ‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें’ ही म्हण त्यानें ऐकलेली असते, पण ती दुसऱ्याला सुनावण्यासाठीं.

येथें एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. आशेवरच जग चालतें. थांबा म्हणून सांगणें हें निष्ठुरपणाचें नाहीं काय? आमचें उत्तर असें : थांबा म्हणून कोणीच सांगूं नये, आणि चालत राहा म्हणूनहि कोणीं सांगूं नये. निर्णय त्या दोघांचा. परंतु न संपणारी आशा हें मात्र औषध नव्हे, हें सांगण्यास पुरावा आहे. हॉलंडांत १९९५ ते २००० या काळांत उपचार सुरू केलेल्या ७१४८ स्त्रियांची, उपचारानंतर ११ ते १७ वर्षांनीं, विचारपूस करण्यांत आली. त्यांपैकीं अवघ्या शेंकडा सहा जणींना अजून मुलाचा ध्यास होता, आणि त्यांचें मानसिक स्वास्थ्य इतर स्त्रियांपेक्षां बरेंच बिघडलेलें होतें. बाकीच्या बहुतेक जणी, मूल झालेल्या आणि न झालेल्याहि, त्या इच्छेच्या पलीकडे जाऊन आपापल्या आयुष्यांत स्थिरावल्या होत्या. याचा अर्थ असा कीं, हें दुःख जन्मठेपेचें नाहीं. तें संपतें, निदान निवतें; मात्र त्याला संपूं दिलें पाहिजे. दर हळदीकुंकवाला आणि दर लग्नांत त्यावरची खपली काढणाऱ्या समाजांत तें कसें निवणार?

‘मग दत्तक घ्या’ हा सल्लाहि याच तडकाफडकीचा. दत्तकाची थोरवी आम्हांला मान्य आहे. ती सांगलीकरांना तरी सांगावयास नको. १९०३ सालीं सांगलीच्या गादीवर दत्तक आलेले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १९४८ मध्यें संस्थान विलीन होईपर्यंत राजे होते, आणि आजची सांगली घडविणारांत त्यांची गणना होते. परंतु दत्तक मूल हें जखमेवर बांधावयाची पट्टी नव्हे. तें स्वतः एक माणूस आहे. दुसऱ्या कोणाची रिकामी जागा भरण्याच्या कामगिरीवर त्याला पाठवूं नये. आधीं शोक पुरा व्हावा, मग त्या मुलाची त्याच्याचसाठीं वाट पाहावी. शिवाय आज ही वाट सोपी नाहीं. नांव नोंदविणारीं दांपत्यें फार आणि मुलें थोडीं, म्हणून वर्षानुवर्षें थांबावें लागतें. सांप्रतच्या नियमांप्रमाणें नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर गेली तर दोन वर्षांच्या आंतील मूल त्यांना मिळत नाहीं. ‘अजून एकदां, अजून एकदां’ म्हणून ज्यांनीं या दोघांना चाळिशीपार ढकललें, त्यांनीं हें दारहि त्यांच्या तोंडावर अर्धें लावलेलें असतें.

सातारा जिल्ह्याला या प्रश्नाचें उत्तर बाहेरून आणावयास नको. खंडाळा तालुक्यांतील नायगांव हें सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव, आणि खटाव तालुक्यांतील कटगुण हें जोतीरावांच्या पूर्वजांचें. त्यांना मूल झालें नाहीं. दुसरें लग्न करा म्हणून जोतीरावांच्या मागें लकडा लागला आणि त्यांनीं तो झुगारून दिला, असें चरित्रकार सांगतात. पुढें त्यांनीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढविला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले, तेव्हां टिटवें कोणीं धरावें यावर भाऊबंदांनीं दत्तकाच्या हक्काचा वाद काढला. तेव्हां सावित्रीबाईंनीं टिटवें स्वतःच्या हातांत घेतलें आणि त्या प्रेतयात्रेपुढें चालूं लागल्या. पुत्रावांचून गति नाहीं म्हणणाऱ्या शास्त्राला इतकें थोडक्यांत उत्तर दुसऱ्या कोणीं दिल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. मूल नसलेल्या प्रत्येक स्त्रीनें त्याची भरपाई म्हणून सावित्रीबाई झालेंच पाहिजे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तोहि एक फाळाच होईल. साधी नोकरी करावी, संध्याकाळीं दोघांनीं कृष्णेच्या घाटावर फिरून यावें, आणि कोणाचेंहि देणें लागत नाहीं अशा निवांतपणें जगावें, याचाहि तिला पुरता अधिकार आहे.

शेवटीं मागणें काय तें सांगून टाकूं, म्हणजे नुसत्या शब्दांचा फुलोरा केल्याचा आरोप नको. मिरजेला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवानें २०२२ च्या मे महिन्यांत ग्रामसभेंत ठराव करून विधवांचें कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या चाली बंद केल्या, आणि सरकारनें त्याच महिन्यांत तो कित्ता इतर गांवांनीं गिरवावा असें कळविलें. मग साताऱ्या-सांगलीच्या ग्रामसभांनीं पुढचें पाऊल कां टाकूं नये? ओटी भरतांना, डोहाळजेवणांत, बारशांत ‘लेकुरवाळी’ आणि ‘वांझ’ हा भेद करावयाचा नाहीं, असा ठराव करण्यास खर्च येत नाहीं. शाळा-कचेऱ्यांनीं फेरी फसलेल्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला चार दिवसांची रजा कारण न विचारतां द्यावी. आणि ज्या घरीं हें घडल्याचें आपणांस विश्वासानें कळलें असेल, तेथें उपदेश न नेतां भाकरी न्यावी, आणि थोडा वेळ गप्प बसून परत यावें.

१८५७ चा वणवा पाहिल्यावर इंग्रज सरकारलाहि शहाणपण सुचलें, आणि लॉर्ड कॅनिंग यांच्या कारकीर्दींत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यांत आल्या. आपल्या घरांत वणवा पेटत नाहीं, कारण जिचें जळतें ती बाई आवाज करीत नाहीं. तिच्या त्या गप्प राहण्याला संमति समजून जे आज तिचें आयुष्य खालसा करीत आहेत, त्यांनीं डलहौसीला नांवें ठेवण्याचा आपला अधिकार कधींच गमावला आहे.